तीन हजार पोरं, वरळीचा डोम आणि काढून नेलेल्या रिंगा

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन निवांत वाचा.)

४ ऑक्टोबर २०१९. वरळीचा एनएससीआय डोम. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची सगळ्यात मोठी लीग, तिचा भारतातला पहिलावहिला सामना त्या संध्याकाळी झाला. इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे घरची मॅच म्हणायला हरकत नव्हती. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी तो १३२-१३१ असा एका गुणाने काढला.

हंगामापूर्वीचा सामना होता, निकालाला तसा अर्थ नव्हता. अर्थ होता तो प्रेक्षकांना. पहिल्या दिवसाची तिकिटं विकलीच नव्हती. सगळा डोम भरला होता तो मुंबईच्या शाळांमधल्या सुमारे ३००० मुलामुलींनी. शाळेत बास्केटबॉल शिकणारी ही पोरं. प्रत्येक बास्केटला डोम डोक्यावर घेत होती.

आता पुढचं वर्ष बघा. मार्च २०२० मध्ये एनबीए बंद पडली. एप्रिलमध्ये त्याच डोममध्ये कोरोनाच्या खाटा लागल्या. जुलैत एनबीए पुन्हा सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये विजेताही ठरला. आणि ती ३००० पोरं? त्यांच्यासाठी शाळा बंद, मैदान बंद, सोसायटीचं गेटसुद्धा बंद. किती दिवस, ते शेवटी सांगतो. कोरोनाकाळात बास्केटबॉल आणि त्याच्या चाहत्यांचं काय झालं, हा इतिहास त्या पोरांच्या बाजूने वाचला तर वेगळाच दिसतो.

*ज्या रात्री शिट्टी वाजलीच नाही*

९ मार्च २०२०, सोमवार. आपल्याकडे होळी होती, आणि त्याच दिवशी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण सापडले. तिकडे अमेरिकेत युटा जॅझ संघाचा उंचापुरा फ्रेंच खेळाडू रूडी गोबेअर पत्रकार परिषद संपवून उठला आणि जाता जाता समोरच्या सगळ्या मायक्रोफोनना मुद्दाम हात लावून गेला. कोरोनाची थट्टा. तेव्हा आपल्याकडेही थट्टाच चालली होती, व्हॉट्सअ‍ॅपवरचे गोमूत्र आणि लसणाचे फॉरवर्ड आठवा.

दोन दिवसांनी, ११ मार्चला, ओक्लाहोमा सिटीत जॅझचा सामना होता. प्रेक्षागृह भरलेलं, खेळाडू मैदानावर, पंच चेंडू उडवायच्या तयारीत. तेवढ्यात संघाचा माणूस धावत आला, पंचांशी बोलला, आणि खेळाडूंना आत पाठवलं. लोक अर्धा-पाऊण तास वाट बघत बसले. मग घोषणा झाली, सामना रद्द. गोबेअरची चाचणी पॉझिटिव्ह आली होती. त्याच रात्री एनबीएने अख्खा हंगाम थांबवला.

जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली तीही ११ मार्चलाच. पण सामान्य अमेरिकन माणसाला विचारा, 'प्रकरण गंभीर आहे हे तुला कधी कळलं?' बरेच जण सांगतील, ज्या रात्री मॅच रद्द झाली त्या रात्री. जिनिव्हातल्या पत्रकार परिषदेपेक्षा बंद पडलेली मॅच माणसाला लवकर कळते. आपल्याकडे लोकल थांबली तेव्हा मुंबईला कळलं, तसंच हे.

त्याच रात्री आणखी एक सामना रद्द झाला. सॅक्रामेंटोत, किंग्जचा. म्हणजे आपल्या वरळीत खेळून गेलेल्या संघाचा. त्या सामन्याच्या पंचांपैकी एकाने दोन दिवस आधी जॅझच्या सामन्यात काम केलं होतं, म्हणून समोरचा न्यू ऑर्लिन्सचा संघ मैदानात उतरलाच नाही. प्रेक्षक आले तसे घरी गेले.

*चाचणी कोणाची आधी?*

आता खरा मुद्दा सुरू होतो. त्या रात्री ओक्लाहोमात जॅझच्या खेळाडूंच्या आणि सोबतच्या लोकांच्या मिळून ५८ चाचण्या झाल्या. तेव्हा तिथे चाचणीचे किट मोजके होते. ताप-खोकला असलेली साधी माणसं दवाखान्यातून 'घरी थांबा' ऐकून परत जात होती. पुढच्या आठवड्यात ब्रुकलिन नेट्सच्या पूर्ण संघाची चाचणी झाली, तेव्हा न्यूयॉर्कचे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी जाहीर टीका केली. गंभीर रुग्ण रांगेत असताना अख्ख्या संघाच्या चाचण्या कशा होतात, असा त्यांचा सवाल होता. संघाचं म्हणणं, चाचण्या आम्ही खासगी कंपनीकडून करून घेतल्या.

दोन्ही बाजू ऐकल्या तरी एक गोष्ट उरतेच. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख, त्याला निदान आधी. हे आपल्याला नवीन नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरसाठी कोण कोणाला फोन करत होतं, हे प्रत्येक घराला माहीत आहे.

पण पैसा सगळ्यांना वाचवतोच असंही नाही. मिनेसोटाचा स्टार खेळाडू कार्ल-अँथनी टाऊन्स याने मार्चच्या शेवटी व्हिडिओ टाकून लोकांना कळवळून सांगितलं, की हे गंभीरपणे घ्या, माझी आई व्हेंटिलेटरवर आहे. १३ एप्रिलला ती गेली. त्या वर्षभरात त्याच्या घरातली आणखी माणसं गेली. कोट्यवधी कमावणारा, सात फूट उंचीचा माणूस, आणि आईसाठी काही करू शकला नाही.

*स्टेडियममधली दुसरी माणसं*

मॅच बंद झाली की आपल्या डोळ्यांसमोर खेळाडू येतात. पण एका सामन्यामागे शेकडो माणसं असतात. तिकीट तपासणारे, पॉपकॉर्न विकणारे, खुर्च्या पुसणारे, पार्किंगवाले. यातले बहुतेक तासावर काम करणारे. सामना नाही तर पगार नाही.

इथे काही खेळाडूंनी चांगलं वागून दाखवलं. क्लीव्हलँडच्या केव्हिन लव्हने तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी एक लाख डॉलर दिले. न्यू ऑर्लिन्सचा झायन विल्यमसन तेव्हा फक्त १९ वर्षांचा होता, त्याने कर्मचाऱ्यांचा ३० दिवसांचा पगार देण्याची जबाबदारी घेतली. ज्याच्यावर सगळी दुनिया चिडली होती त्या गोबेअरने पाच लाख डॉलरहून जास्त मदत दिली, त्यातले दोन लाख युटाच्या स्टेडियममधल्या अर्धवेळ कर्मचाऱ्यांसाठी.

मनापासून कौतुक. पण प्रश्नही पडतो. ज्या धंद्यात तेव्हा नऊ वर्षांच्या टीव्ही हक्कांचे २४ अब्ज डॉलर येत होते, तिथे खुर्च्या पुसणाऱ्याचा पगार एकोणीस वर्षांच्या पोराच्या दिलदारीवर का अवलंबून असावा?

*रिंग काढून नेली*

बास्केटबॉलचं वैशिष्ट्य काय? या खेळाला फार काही लागत नाही. एक बोर्ड, एक रिंग, एक बॉल. दहा पोरं नसतील तर सहा चालतात, सहा नसतील तर एकटासुद्धा तासभर शूट करतो. म्हणून न्यूयॉर्कसारख्या शहरात हा गरिबांचा खेळ झाला. आपल्या नागपाड्याच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर पिढ्या घडल्या. भारताचे कर्णधार आणि १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर त्याच वस्तीतले. मुंबईत बास्केटबॉल २०१९ मध्ये विमानातून उतरलं नाही, ते दाटीवाटीच्या वस्तीत कधीचंच रुजलं होतं.

मार्च २०२० च्या अखेरीस न्यूयॉर्क महापालिकेने काय केलं? सांगूनही लोक खेळायचं थांबेनात, म्हणून सुरुवातीला ८० ठिकाणच्या रिंगा काढून नेल्या. नुसते बोर्ड राहिले. अमेरिकेतल्या इतर शहरांतही तसंच झालं. कुठे रिंगा काढल्या, कुठे त्यावर फळ्या ठोकल्या.

त्या वेळी ते चूक होतं असं मी म्हणत नाही. शहरात रोज शेकडो माणसं मरत होती. पण एक बघा. मोठं घर असलेल्या माणसाच्या अंगणात स्वतःची रिंग होती, ती तशीच राहिली. काढली गेली ती सार्वजनिक बागेतली. दोन खोल्यांत सहा माणसं राहणाऱ्या पोराची मोकळी हवा त्या रिंगेखाली होती, ती गेली.

आपल्याकडे रिंगा काढाव्या लागल्या नाहीत. २५ मार्चपासून माणसालाच घराबाहेर पडायला बंदी होती. दहा बाय बाराच्या खोलीत 'घरी राहा, सुरक्षित राहा' ऐकणं काय असतं, हे वरळी कोळीवाड्यातल्या आणि नागपाड्यातल्या लोकांना विचारा. मुंबईत सुरुवातीला सर्वाधिक रुग्ण सापडत होते त्या भागांत हे दोन्ही होते.

*दोन डोम*

वरळी कोळीवाडा मार्चच्या शेवटी सील झाला. बाधितांच्या जवळच्या लोकांना ठेवायचं कुठे? महापालिकेने एनएससीआय डोम घेतला. आधी विलगीकरण, मग उपचार. सहा महिन्यांपूर्वी जिथे पोरं ओरडत होती तिथे ओळीने शेकडो खाटा, मधे पार्टिशन, आणि पीपीई किटमध्ये घामाघूम डॉक्टर-नर्स. पुढे बीकेसीच्या मैदानावर, पुण्यात सीओईपीच्या मैदानावर जम्बो केंद्रं उभी राहिली.

तिकडे सॅक्रामेंटोतही हेच चाललं होतं. किंग्जचं जुनं स्टेडियम २०१६ पासून रिकामं पडलं होतं. तिथे सरकारने सुमारे ४०० खाटांचं रुग्णालय तयार केलं. सुदैवाने त्या लाटेत तिथे फार रुग्ण आणावे लागले नाहीत. म्हणजे वरळीत जे दोन संघ खेळले त्यातल्या एकाचं जुनं घर आणि वरळीचा डोम, दोन्ही एकाच महिन्यात दवाखाने झाले. पृथ्वीच्या दोन टोकांना.

यातून एक साधी गोष्ट दिसते. मोठी मोकळी जागा ही शहराची साठवणीची पुंजी असते. चांगल्या दिवसांत तिथे खेळ होतात, वाईट दिवसांत तिथे जीव वाचतात. 'एवढी जागा खेळासाठी कशाला अडवायची, टॉवर होईल' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला २०२० चा एप्रिल दाखवला पाहिजे.

*घरात बसलेला चाहता*

मॅच नाही तर चाहता करणार काय? जुने सामने बघणार. मायकेल जॉर्डन आणि शिकागो बुल्सच्या १९९७-९८ च्या हंगामावरची 'द लास्ट डान्स' ही मालिका खरं तर जूनमध्ये यायची होती. लोक घरात अडकलेत म्हणून ती १९ एप्रिललाच सुरू केली. दहा भाग, पाच रविवार. आपल्याकडे सोमवारी नेटफ्लिक्सवर. ज्यांनी आयुष्यात एनबीए बघितली नव्हती तेही जॉर्डनवर बोलायला लागले. कारण सोपं आहे. दूरदर्शनवर रामायण पुन्हा लागलं तेव्हा आपण जे केलं तेच त्यांनी केलं. निकाल ठाऊक असलेली गोष्ट सगळ्यांनी मिळून बघितली, कारण बाहेर उद्या काय होणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

*बुडबुडा*

जुलैत एनबीएने फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये 'बबल' उभारला. २२ संघ, तीन मैदानं, ठरलेली हॉटेलं, रोज चाचणी. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. पहिला सामना ३० जुलैला झाला, आपल्याकडे ३१ तारखेची पहाट. योगायोग बघा, जॅझ विरुद्ध न्यू ऑर्लिन्स, आणि पहिली बास्केट टाकली गोबेअरनेच.

प्रेक्षक नव्हते, पण रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर बऱ्या दिसत नाहीत. म्हणून मैदानाच्या तीन बाजूंना १७ फूट उंच पडदे लावले. घरी लॅपटॉपसमोर बसलेल्या ३०० हून जास्त चाहत्यांचे चेहरे त्यावर. आवाजही स्पीकरवरून सोडलेला. चाहता नसला तर खेळाला धनी उरत नाही, हे लीगने तिथे स्वतःच कबूल केलं म्हणायचं.

शास्त्राच्या दृष्टीने बबल यशस्वी झाला. आत राहायला लागल्यावर खेळाडूंमध्ये संसर्ग पसरला नाही. शिवाय लाळेवरून करायची सोपी, स्वस्त चाचणी येल विद्यापीठाने विकसित केली, तिला एनबीएने पैसे दिले आणि खेळाडूंचे नमुनेही. १५ ऑगस्टला तिला सरकारी परवानगी मिळाली आणि ती कोणत्याही प्रयोगशाळेला वापरायला खुली ठेवली. मार्चमध्ये चाचण्यांवरून झालेल्या बोलणीचं हे थोडंफार परतफेडीचं काम.

पण बबलला दारं होती. खोल्या साफ करणारे, स्वयंपाक करणारे कर्मचारी आत राहत नव्हते. ते रोज घरून येत, रोज घरी जात. २९ सप्टेंबरला डिस्नेने अमेरिकेतल्या आपल्या थीम पार्क विभागातून २८,००० लोकांना कमी करणार असं जाहीर केलं. ३० सप्टेंबरला त्याच डिस्नेच्या आवारात एनबीएची अंतिम मालिका सुरू झाली. एका दिवसाचा फरक.

*खेळाडू बाहेर आलेच नाहीत*

बबलमधली सर्वांत मोठी घटना मात्र खेळाची नव्हती. २३ ऑगस्टला विस्कॉन्सिनमधल्या केनोशा गावात जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय तरुणावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. २६ तारखेला त्याच राज्याचा मिलवॉकी बक्स संघ सामन्याला बाहेर आलाच नाही. बाकीचे सामनेही थांबले. तीन दिवसांनी खेळ सुरू झाला तो काही अटींवर. त्यातली एक मला फार महत्त्वाची वाटते. नोव्हेंबरच्या निवडणुकीत जमेल तिथली स्टेडियम मतदानासाठी खुली करायची.

आणि तसं झालं. अटलांटा, लॉस एंजेलिस, सॅक्रामेंटो अशा शहरांत लोकांनी बास्केटबॉलच्या प्रेक्षागृहात सुरक्षित अंतर ठेवून मतं टाकली. दवाखाना झालं, मतदान केंद्र झालं. जागा तीच. एरवी ज्याला आपण 'प्रेक्षक' म्हणतो तोच रुग्ण आणि तोच मतदार.

११ ऑक्टोबरला लेकर्स जिंकले. जानेवारीत कोबी ब्रायंट गेल्यापासून दुःखात असलेलं लॉस एंजेलिस रस्त्यावर उतरलं. त्यांच्या बंद स्टेडियमबाहेर हजाराहून जास्त लोक जमले. सामना दुसऱ्या टोकाला फ्लोरिडात, आणि हे लोक बंद दारासमोर आनंद साजरा करतायत. वेडेपणा, हो. संसर्गाचा धोका, तोही होताच. पण जिंकल्यावर माणसाला माणूस लागतो.

*आणि ती तीन हजार पोरं*

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे काय आधी सुरू झालं? आयपीएल १९ सप्टेंबर २०२० ला अमिरातीत सुरू झाली. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट भरात असताना, राज्यात 'ब्रेक द चेन'चे निर्बंध असताना, वानखेडेवर आयपीएलचे सामने चालू होते. प्रेक्षक नाहीत, पण खेळ चालू. शेवटी ४ मे ला खेळाडूच बाधित व्हायला लागले तेव्हा स्पर्धा थांबली.

आणि शाळा? मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग उघडले ४ ऑक्टोबर २०२१ ला.

तारीख पुन्हा वाचा. ४ ऑक्टोबर. वरळीच्या डोममध्ये ती पोरं ओरडत होती त्याला त्या दिवशी बरोबर दोन वर्षं झाली. त्यातला जवळजवळ दीड वर्षाचा काळ शाळा नाही, शाळेचं मैदान नाही, पीटीचे सर नाहीत, संघ नाही. पहिली ते सातवीच्या मुलांना तर १५ डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं. २०१९ मध्ये अकरा-बारा वर्षांचं असलेलं पोर तेरा-चौदाचं झालं. खेळाडूच्या घडणीत ही दोन वर्षं काय असतात ते कोणत्याही कोचला विचारा.

बंद करणं गरजेचं होतं. माझा प्रश्न उघडण्याच्या क्रमाचा आहे. अमेरिकेत बघा, भारतात बघा, क्रम सारखाच दिसतो. ज्याच्यामागे टीव्हीचा पैसा आहे तो खेळ आधी उघडला, त्याच्यासाठी चाचण्या, हॉटेलं, विमानं सगळं मिळालं. ज्या खेळात फक्त पोरं आणि एक रिंग आहे तो शेवटी. हे कोणी दुष्टपणाने ठरवलं असं नाही. पोरांच्या वतीने विचारणारं कोणीच टेबलावर नव्हतं, एवढंच. लीगचा प्रतिनिधी होता, चॅनेलचा होता, दुकानदारांचा होता, बारमालकांचाही होता. सातवीतल्या पोराचा कोण?

उघड्या हवेत संसर्गाचा धोका बंद खोलीपेक्षा बराच कमी, हे २०२० च्या उत्तरार्धातच माहीत झालं होतं. मग पन्नास मुलांना पाळीपाळीने, दहा-दहाच्या गटाने मैदानात सोडण्याची योजना वॉर्डनिहाय का होऊ शकली नाही? डिस्ने वर्ल्डएवढा खर्च त्याला लागला नसता. एक रजिस्टर, एक शिक्षक आणि गेटची चावी पुरली असती.

पुढची साथ कधी येईल कोणाला ठाऊक. पण तयारी म्हणजे नुसते ऑक्सिजन प्लांट नव्हेत. आपल्या वॉर्डात खेळाची मोकळी जागा किती, तिची चावी कोणाकडे, संकटात ती दवाखान्याला गेली तर पोरांना पर्यायी जागा कोणती, आणि निर्बंध उठताना मुलांचं मैदान यादीत कितवं, हे आत्ताच लिहून ठेवायला हवं. मतं मागायला कोणी दारात आलं की गटार-पाण्याबरोबर हे चार प्रश्नही विचारा.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. जवळच्या शाळेच्या किंवा पालिकेच्या कोर्टवर एक चक्कर मारा. बोर्डाला रिंग आहे का, आणि गेटला कुलूप आहे का, तेवढं बघून इथे लिहा. जागेच्या नावासकट. यादी करू आणि वॉर्ड ऑफिसला नेऊन देऊ.